कोसळणारा आणि पाहणारा

अपस्माराच्या रुग्णाने स्वतःचा मोठा झटका कधी पाहिलेला नसतो. शुद्ध हरपते, आणि भानावर आल्यावर त्याच्यापाशी उरतात त्या फक्त खुणा: ठणकणारे अंग, चावली गेलेली जीभ, मळलेले कपडे, भोवती जमलेले चेहरे. मधल्या दोन-तीन मिनिटांत काय झाले, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. म्हणून या आजाराचे चित्र, ते काव्यातले असो, रंगमंचावरचे असो की भिंतीवरचे, बहुतेक वेळा पाहणाऱ्याने काढलेले असते. त्यात कोसळणाऱ्याविषयी जेवढे असते, तेवढेच, कधी कधी त्याहून जास्त, पाहणाऱ्याविषयी असते. साहित्यातला आणि कलेतला अपस्मार नीट वाचायचा, तर जमिनीवर पडलेल्या माणसावरून नजर उचलून त्याच्याभोवती उभ्या असलेल्यांकडे न्यायला हवी. काही थोर कलाकृती मला इथे तशा वाचायच्या आहेत.

सुरुवात भरतमुनींपासून करावी लागते. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात 33 व्यभिचारी भाव सांगितले आहेत आणि शंका, चिंता, लज्जा, हर्ष यांच्याच रांगेत तिथे अपस्मारही बसलेला आहे. भरतांनी त्याची कारणे दिली आहेत. देव, यक्ष, नाग, राक्षस, पिशाच यांनी झपाटणे, ओसाड घरात राहणे, उष्टे खाणे ही ती कारणे, आणि त्यांच्याच जोडीला शरीरातले धातू बिघडणे. भूतबाधा आणि देहाचा बिघाड एकाच यादीत शेजारी शेजारी नांदतात. पुढे नटासाठी खुणा आहेत: कापणे, दीर्घ श्वास, धावणे, पडणे, घाम, तोंडाला फेस, जिभेने चाटणे. हे सारे बाहेरून दिसणारे आहे. नटाला झटका आतून जगायचा नाही, प्रेक्षकाला ओळखू येईल असा दाखवायचा आहे. त्यामुळे भरतांची यादी ही एका कसलेल्या पाहणाऱ्याची यादी आहे.

पण तिचे खरे मोल तिच्या मांडणीत आहे. व्यभिचारी भाव येतात, काही काळ वावरतात आणि विरून जातात. स्थायी भाव टिकून राहतात. भरतांनी अपस्माराला येणाऱ्या-जाणाऱ्यांत बसवले आणि भय, जुगुप्सा, विस्मय, शोक यांना स्थायींत. आपल्या रोजच्या अनुभवाला हे किती तंतोतंत लागू पडते! पडणाऱ्याचा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. पाहणाऱ्याच्या मनातली भीती आणि किळस मात्र वर्षानुवर्षे टिकते. झटका येऊन गेलेल्या मुलीकडे आळीतली माणसे नंतरही ज्या नजरेने पाहत राहतात, ती नजर स्थायी असते.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. कोणता व्यभिचारी भाव कोणत्या रसाला साथ देतो हे भरत सांगतात, तेव्हा अपस्माराचे नाव एकाच ठिकाणी येत नाही. भयानकात ते आहे, बीभत्सात आहे, करुणात आहे आणि विरहाच्या शृंगारातही आहे. म्हणजे तेच पडणे, तोच फेस, तेच थरथरणे घेऊन एक नाटककार किळस उभी करू शकतो आणि दुसरा करुणा. आजार तोच राहतो, रस बदलतो. तो बदलतो कशाने? मला वाटते, पाहणारा कोण आणि तो काय करतो, यावर ते ठरते. पुढच्या कलाकृती याच कसोटीवर लावून पाहू.

माघाच्या शिशुपालवधाच्या तिसऱ्या सर्गात युधिष्ठिराच्या राजसूयासाठी इंद्रप्रस्थाला निघालेल्या श्रीकृष्णाला द्वारकेचा समुद्र दिसतो. त्या वर्णनातल्या एका श्लोकाचा आशय असा: समुद्र भुईला बिलगून पडला आहे, मोठ्याने ओरडतो आहे, त्याच्या अजस्र लाटा हलणाऱ्या बाहूंसारख्या दिसताहेत, त्याला फेस आला आहे, नद्यांच्या या पतीला अपस्मार तर नाही ना, अशी शंका कृष्णाच्या मनात येते. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात अपस्मार या भावाचे उदाहरण म्हणून हाच श्लोक निवडला.

चार खुणा, आणि चारही अचूक. मोठ्या झटक्याच्या सुरुवातीला छातीचे स्नायू एकदम आवळतात, आतली हवा मिटलेल्या स्वरयंत्रातून जोराने बाहेर पडते आणि ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स करणारा आवाज येतो. ती वेदनेची हाक नसते, पण ज्याने ऐकली तो ती विसरत नाही. मग हातपाय लयीत झटकले जातात. गिळता न आलेली लाळ श्वासाबरोबर घुसळून फेस होते. माघाने हे कुठेतरी प्रत्यक्ष पाहिले असावे असे वाटावे, इतके हे निरीक्षण नेमके आहे. लाटांचे हात होणे ही कल्पना कोणालाही सुचेल. ओरडणे, आपटणे आणि फेस यांची सांगड घालायला डोळा लागतो.

मला या श्लोकात सगळ्यांत थोर वाटते ती कृष्णाची शंका. शंका घेणारा पळत नाही, ओरडत नाही, भूत म्हणत नाही. तो पाहतो आणि मनाशी विचारतो, याला हा आजार तर नसेल? वैद्याच्या पहिल्या प्रश्नासारखाच हा प्रश्न आहे. शिवाय ज्याच्याविषयी ही शंका, तो नद्यांचा स्वामी आहे. आजाराच्या कल्पनेने त्याचे मोठेपण उणावत नाही. फेसाळलेला, आडवा पडलेला समुद्रही समुद्रच राहतो. अपस्माराच्या रुग्णाला इतकी थोर उपमा क्वचितच कुणी दिली असेल. एक उणीव मात्र जाणवते. समुद्राचा झटका थांबत नाही, त्यामुळे त्याला 'नंतर' नाही. शुद्धीवर येणे, ओशाळणे, कुणीतरी हात धरून उठवणे, यातले काही समुद्राच्या वाट्याला येत नाही. माणसाच्या अपस्मारातला सगळ्यांत मानवी भाग नेमका तिथे असतो.

तो भाग शेक्सपिअरने ओळखला होता. ज्युलियस सीझरमध्ये सीझरचा झटका आपल्याला दिसतच नाही. भर बाजारात तो पडला, हे कास्का नंतर सांगतो, आणि सांगताना टवाळी करतो. कॅशियस त्या आजाराच्या नावावर कोटी करून राजकीय टोमणा मारतो. पण कास्काच्याच तोंडून एक तपशील निसटतो. भानावर आल्यावर सीझरने लोकांना विनवले, की आपल्या हातून किंवा तोंडून काही वावगे झाले असेल, तर ते दुखण्याच्या खाती घाला. रोमचा सर्वेसर्वा, आणि उठल्या उठल्या पहिले काम माफी मागण्याचे! हसण्यासाठी सांगितलेल्या हकिगतीतून रुग्णाची लाज आपल्यापर्यंत पोहोचते. सांगणारा बीभत्साकडे ओढतो आणि ऐकणारा करुणाकडे जातो, अशी ही रस्सीखेच आहे.

ऑथेल्लो तर मराठी रंगभूमीच्या घरातलाच. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये तो मराठीत आणला, गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' 1890 चा, आणि पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही त्याला मराठी रूप दिले. मूळ नाटकाच्या चौथ्या अंकाच्या आरंभी, इयागोने संशयाचे विष पुरते भिनवल्यावर, ऑथेल्लोची वाक्ये तुटू लागतात आणि तो कोसळतो. तेवढ्यात कॅशिओ येतो. इयागो त्याला सांगतो, हा अपस्माराचा झटका आहे, कालही एक येऊन गेला. ही माहिती फक्त इयागोच्या तोंडून येते. कालचा झटका दुसऱ्या कोणी पाहिल्याचे नाटकात कुठेही नाही. पडलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या आजाराचा इतिहासही आता पाहणाऱ्याच्या ताब्यात गेला आहे.

कॅशिओ भला माणूस. तो म्हणतो, याची कानशिले चोळ. इयागो त्याला अडवतो. तसे केले तर तोंडाला फेस येईल, वेड उसळेल, असे सांगून त्याला दूर पाठवतो. ऑथेल्लो हलू लागल्यावर इयागो विचारतो, डोक्याला लागले नाही ना? झटक्यातून उठणाऱ्याला प्रत्येक आई, प्रत्येक भाऊ हाच प्रश्न विचारतो. इथे तो इयागोच्या तोंडी आहे. बायकोच्या बेइमानीच्या संशयाने पोळलेल्या ऑथेल्लोला त्यात आपल्या कपाळावरच्या शिंगांची, म्हणजे फसवल्या गेलेल्या नवऱ्याच्या खुणेची, थट्टा ऐकू येते. मायेचे शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांचे विष कसे करता येते, याचा इतका थंड नमुना दुसरा नसेल. या प्रवेशात भय वाटते ते ऑथेल्लोच्या शरीराचे नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाजवळ सगळ्यांत जवळ कोण उभे आहे, ते पाहून अंगावर काटा येतो.

याच्या अगदी उलट चित्र राफाएलने रंगवले. 1520 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या हाती असलेले 'रूपांतर' हे चित्र आज व्हॅटिकनमध्ये आहे. वरच्या अर्ध्या भागात प्रकाशात तरंगणारा ख्रिस्त, खाली अंधारात गर्दी. गर्दीत एक मुलगा, एक हात वर, दुसरा खाली ताठलेला, डोळे फिरलेले. भोवतीचे लोक बोटे दाखवत आहेत: कोणी मुलाकडे, कोणी वर डोंगराकडे. एकाच माणसाचे दोन्ही हात मोकळे नाहीत. तो बाप आहे, आणि त्याने मुलाला मागून सावरून धरले आहे. बायबलच्या कथेनुसार इथे भूतबाधेचा प्रसंग आहे, पण बापाच्या त्या धरण्यात भुताची भीती नाही. मुलगा पडू नये, एवढीच एक चिंता आहे. इतक्या बोटांच्या गर्दीतले हे दोन हात मला वरच्या सगळ्या प्रकाशाइतकेच मोठे वाटतात.

इथवरचे सारे बाहेरून. आतून काही दिसते का? याचे एक उत्तर चरकसंहितेत आहे. चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात अपस्माराचे चार प्रकार येतात, आणि त्यांत रुग्णाला काय दिसते हेही नोंदलेले आहे: वाताच्या प्रकारात रखरखीत, तांबूस-काळी रूपे, पित्ताच्या प्रकारात पिवळी आणि रक्तवर्णी, कफाच्या प्रकारात पांढरी. ही माहिती बाहेरून पाहून मिळत नाही. कोणीतरी रुग्णाशेजारी बसून, त्याला पुरते भान येईपर्यंत थांबून विचारले असले पाहिजे, बाबा, तुला काय दिसले? आज ज्याला झटक्याची पूर्वसूचना म्हणतात, तिची ही जुनी नोंद आहे. पाहणाऱ्याने प्रश्न विचारला तरच आतले जग बाहेर येते, हे चरकाच्या त्या रंगीत रूपांवरून दिसते.

आतून लिहिणारा सर्वांत मोठा लेखक अर्थातच दोस्तोयव्हस्की. तो स्वतः हा आजार घेऊन जगला. 1868-69 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द इडियट' कादंबरीतल्या प्रिन्स मिश्किनला झटक्याआधीच्या क्षणी विलक्षण प्रकाश, शांती, सगळ्याचा मेळ जमल्याचा अनुभव येतो. मिश्किन स्वतःशी प्रामाणिकपणे वाद घालतो. हा तर आजार, मग यातला आनंद खरा कसा? आणि आजारातून आला म्हणून तो खोटा का ठरावा? त्या क्षणाची किंमत पुढे अंधार आणि बधिरपणा देऊन चुकवावी लागते, हेही तो विसरत नाही. दोस्तोयव्हस्कीने आजाराला दैवी देणगी म्हणून सजवले नाही आणि त्या प्रकाशाला नुसती मेंदूची चूक म्हणून झटकलेही नाही.

पण माझ्या मते त्याची खरी कमाल जिन्यावरच्या प्रसंगात आहे. हॉटेलच्या अंधाऱ्या दगडी जिन्यात मिश्किनच्या जिवावर उठलेला रोगोझिन सुरा उगारतो. तिथवर आपण मिश्किनच्या मनात आहोत. त्याचा अविश्वास, डोळ्यांपुढे उघडलेला प्रकाश, स्वतःच्या किंकाळीची पहिली चाहूल, सारे आतून कळते. त्या क्षणी शुद्ध जाते, आणि निवेदन लगेच बाहेर येते. आता आपल्याला मिश्किनचा पिळवटलेला चेहरा दिसतो आणि त्याच्या आतून दुसरेच कोणी ओरडत असावे अशी ती किंकाळी ऐकू येते. रुग्णापाशी जे नाही, ते लेखकानेही रुग्णाच्या नावावर लिहिले नाही. त्या किंकाळीने रोगोझिन जागीच गोठतो आणि पळतो. मिश्किन पायऱ्यांवरून गडगडतो आणि वाचतो. खून करायला आलेला पाहणारा दहशतीने हटतो, आणि पुढे जमलेल्या गोंधळलेल्या गर्दीत कोल्या नावाचा पोरगा त्याला ओळखून पुढची व्यवस्था लावतो.

शेवटच्या भागात दुसरा झटका येतो, तो एपांचिनांच्या घरी, मान्यवरांच्या बैठकीत, मौल्यवान चिनी फुलदाणी फुटल्यानंतर. या वेळी धावते ती त्या घरची मुलगी अग्लाया. ती त्याला हातांवर झेलते आणि त्याची ती रानटी किंकाळी अगदी जवळून ऐकते. तिच्या चेहऱ्यावर भय आहे. तरी हात सुटलेले नाहीत. राफाएलच्या बापानंतर साडेतीनशे वर्षांनी पुन्हा तेच दोन हात. फरक इतकाच, की इथे बघ्यांमध्ये प्रतिष्ठा आहे, लग्नाची बोलणी आहेत, आणि त्या संध्याकाळनंतर तो वर म्हणून त्या घराच्या हिशेबातून उतरलेला आहे.

या बोलण्यांचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणाऱ्याला विवाहास अपात्र ठरवणारी तरतूद आली. अपस्माराचा उल्लेख तिथून निघाला तो 1999 च्या दुरुस्तीने. भरतांनी ज्याला येऊन-जाऊन असणाऱ्यांत बसवले, त्याला आधुनिक कायद्याने 23 वर्षे माणसाची कायमची ओळख करून ठेवले होते. कायदा सुधारला. घरे अजून कुजबुजतात, स्थळ पाहताना गोळ्यांची पट्टी लपवतात, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात.

काळेवाडीत, जिथे मी हे लिहितो आहे, तिथे ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. पवनेकाठचे हे गाव आज पिंपरी, रहाटणी, थेरगाव यांच्या मध्ये दाटलेली कामगारवस्ती आहे. इथल्या झोपा पाळीने चालतात: या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. मोडलेली झोप हे झटक्याचे ठाऊक असलेले एक निमित्त आहे. चालत्या यंत्रापुढे किंवा उंचीवर काम करणाऱ्याने हा आजार सांगायला हवा. सांगितला तर काम जाईल, ही धास्तीही खरीच असते. फाट्यावर कुणाला फिट आली, तर कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी कांदा फोडून आणायला सांगतो, कोणी मुठीत किल्ल्या कोंबतो, कोणी दातांमध्ये चमचा घालू बघतो. झटका आपल्या आपण थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. खरे तर कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांवर गेले तर दवाखाना गाठावा आणि पुरते भान येईपर्यंत जवळ थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले, तर सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. तरी अंगारा आणि झाडपाल्यावर वर्षे जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे गुन्हे ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला तो 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. भरतांच्या यादीत शेजारी बसलेले पिशाच आणि धातूंचा बिघाड यांना वेगळे करण्याचे काम इतके लांबले.

आपली नाटकवाली मंडळी नटराजाला वंदन करून पडदा उघडतात. पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात काय किंवा आणखी कुठे काय, ती प्रथा तीच. त्या नटराजाच्या पायाखाली जो बुटका दबलेला असतो, त्याचे नाव अपस्मार. तो अज्ञानाचे प्रतीक मानला जातो. एका आजाराचे नाव अज्ञानाच्या राक्षसाला मिळावे, हे मला नेहमीच टोचते. पण चोळकालीन कांस्यमूर्ती नीट पाहिल्या, तर त्यांतल्या कित्येकांत तो मान वर करून पाहताना दिसतो. तो मेलेला नाही. तो पाहतो आहे. हजारो वर्षे ज्याच्याकडे पाहिले गेले, त्याचीही एक नजर आहे, हे शिल्पकाराने जाणले होते.

ती नजर आता बोलू लागली आहे. स्वतः वर्षानुवर्षे अपस्मारातून गेलेल्या यशोदा वाकणकर, अनिल अवचटांच्या कन्या, यांनी पुण्यात संवेदना फाउंडेशनचा आधारगट उभा केला. तिथे रुग्ण एकमेकांना आपापली हकिगत सांगतात, आणि अशा तरुणांची लग्ने जुळवण्याचे कामही होते. चरकाने विचारलेला प्रश्न तिथे रुग्णच रुग्णाला विचारतात. साहित्याच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे, कारण यातून पाहणारा आणि कोसळणारा एकच होतो.

मराठी कथा-कादंबरीकडून, नाटक-सिनेमाकडून मला हेच हवे आहे. झटका दाखवायचाच असेल तर माघाच्या डोळ्याने दाखवावा, आणि दोस्तोयव्हस्कीच्या प्रामाणिकपणाने निवेदकाने योग्य जागी बाहेर यावे. मात्र तो अर्ध्या पानापलीकडे जाऊ नये. उरलेल्या पानांत त्या माणसाची पाळी असावी, गोळ्यांची वेळ असावी, प्रेम असावे, भांडण असावे, हसणे असावे. झटका व्यभिचारी आहे; माणूस स्थायी आहे. हे भरतांच्या शास्त्रात बसते आणि आजच्या वैद्यकातही बसते. आपल्या लेखनात आणि आपल्या नजरेत ते बसवणे, एवढेच काम बाकी आहे, आणि ते पाहणाऱ्यांचे आहे.